आंबा आहे, काजू आहे, समुद्र आहे. मग माणसं का गेली?

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कापसाची वेचणी तोंडावर आहे, ज्वारीची राखण घरच्यांवर टाकून तुम्ही आलात. तेव्हा तुमचा वेळ फुकट घालवणार नाही. आज कापसाबद्दल थोडं आणि कोकणाबद्दल जास्त बोलणार आहे. कोणी विचारेल, कोरडवाहूवाल्यांचा कोकणाशी काय संबंध? संबंध असा आहे. आपल्या भागात जो साहेब येतो, जो पुढारी येतो, तो एकच उपदेश करतो. कापूस-ज्वारी सोडा, फळबाग लावा. नुसता कच्चा माल विकू नका, प्रक्रिया करा. माल परदेशी पाठवा. गावात पर्यटक आणा. हे सगळं केलं की शेतकऱ्याचं भलं होतं म्हणतात.

आता ज्या जिल्ह्यात हे सगळं आधीच आहे, तो जिल्हा म्हणजे सिंधुदुर्ग. बैल घ्यायचा तर आपण दात पाहतो. मग उपदेश घेताना जिथं तो अमलात आला आहे, तिथं काय झालं हे बघायला नको का?

रत्नागिरी जिल्ह्याचे दोन भाग करून १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग जिल्हा झाला. आठ तालुके. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सह्याद्री, दक्षिणेला गोवा, घाटावर कर्नाटकची हद्द. पाऊस आपल्या तिप्पट-चौपट, आंबोलीला तर त्याहून कितीतरी जास्त. पण जांभ्या दगडाची जमीन पाणी धरत नाही, एप्रिलमध्ये तिथल्याही बाया हंडा घेऊन फिरतात. पाऊस जास्त म्हणजे शेतकरी सुखी, हा समज इथंच काढून टाका.

आता जनगणनेचा आकडा ऐका. २००१ साली या जिल्ह्यात ८,६८,८२५ माणसं होती. २०११ साली ८,४९,६५१ झाली. दहा वर्षांत एकोणीस हजारांवर माणूस कमी. त्याच दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या सोळा टक्क्यांनी वाढली. आणि दर हजार पुरुषांमागे बाया किती? १,०३६. कोकणात मुलगी जन्मली की पेढे वाटतात म्हणून हा आकडा नाही. कर्ता पुरुष मुंबईला, पुण्याला, गोव्याला आहे, म्हणून हा आकडा आहे. तिथं जन्माचं प्रमाण कमी आहे, तेही कारण खरं. पण तरणी माणसंच गावात नसली तर पाळणे हलणार कुठून?

हापूस आंबा जगात नावाजलेला, काजू परदेशात जाणारा, मालवणची मासळी, १९९७ साली देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून झालेली घोषणा. एवढं असून माणसं का गेली? मी शेतकी कॉलेजात शिकलो. तिथं जास्त उत्पन्न कसं काढायचं हे शिकवतात. पण या प्रश्नाचं उत्तर उत्पन्नाच्या तक्त्यात सापडत नाही. त्यासाठी प्रत्येक धंद्याला तीन साधे प्रश्न विचारावे लागतात. माल कोण काढतो? भाव कोण ठरवतो? मालावर पहिला हात कुठं फिरतो, म्हणजे पहिली प्रक्रिया कुठं होते?

पहिला धंदा मनीऑर्डरीचा

कोकणचा सर्वात जुना धंदा आंब्याचा नाही, माणसं बाहेर पाठवायचा आहे. तुमच्या आजोबांच्या रानातला कापूस आणि कोकणातला थोरला मुलगा, दोघांची गाठ मुंबईच्या गिरणीत पडायची. कापसाला भाव कमी मिळाला की गिरणी चालायची, आणि गिरणी चालली की कोकणात मनीऑर्डर जायची. त्या मनीऑर्डरीवर घरची भातशेती उभी असायची. शेती माणसाला पोसत नव्हती, माणूस बाहेर खपून शेतीला पोसत होता.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर कधी मागं घेतलाच गेला नाही. गिरण्या मात्र एकेक करून बंद पडल्या आणि हजारो घरांची मनीऑर्डर थांबली. पुढं चाकरमानी दुसऱ्या कामांना लागला, पण गावाकडच्या शेतीचा हिशेब सुधारला नाही. आज तिथं भाताची चांगली खाचरं पडीक दिसतात. मजूर नाही, भाताला भाव नाही, वर वानर आणि रानडुक्कर. दोडामार्ग तालुक्यात तर २००२ पासून कर्नाटकातून हत्ती उतरू लागले. आपल्याकडं रोही आणि डुक्कर पीक खातात, त्यांच्याकडं हत्ती माड मोडतो. पंचनाम्याची रडगाणी दोन्हीकडं सारखीच.

आंबा

१९९० साली रोजगार हमी योजनेतून फळबाग लागवड सुरू झाली. खड्डा, कलम, खत, तीन वर्षांची जोपासना, याला सरकारचं अनुदान. कोकणात कातळाच्या उतारावर हजारो एकर आंबा आणि काजू उभा राहिला तो यातून. ही योजना चांगली होती, यात वाद नाही. आपल्याकडंही त्यातून बोर, सीताफळ, डाळिंब लागलं.

पण झाड लावणं सोपं, झाडाचा हिशेब जुळवणं अवघड. हापूसचं कलम धरायला पाच-सहा वर्षं, भर यायला आणखी तितकीच. तोवर खायचं काय? शिवाय हापूस एक वर्ष धरतो, एक वर्ष रुसतो. त्यावर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं उपाय शोधला. पॅक्लोब्युट्राझोल मुळाशी घातलं की दरवर्षी मोहोर आणता येतो. मोहोर आला, पण खताचा खर्च वाढला. थंडी नीट पडली नाही, अवकाळी पाऊस आला की तुडतुडा, भुरी, करपा, फुलकिडी. फवारणीवर फवारणी. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं, आणि झाडावरचा आंबा जमिनीवर आला. बोंडअळीच्या वर्षी आपलं जे होतं, तेच.

आता भावाचं पाहा. मार्चमध्ये पहिल्या पेट्यांना सोन्याचा भाव, त्याची बातमी आणि फोटो पेपरात. मे महिन्यात सगळा आंबा एकदम उतरतो, तेव्हाचा भाव पेपरात येत नाही. उरलेला माल कॅनिंगला जातो, त्याचा दर कारखानदार ठरवतो. फवारणीसाठी वाशीच्या अडत्याकडून उचल घेतलेली असली की पेटी त्यालाच पाठवायची. पेटी गेल्यावर काही दिवसांनी पट्टी येते. तीत हमाली, तोलाई, अडत वजा करून जो आकडा उरेल, तो आपला भाव. माल आपला, आणि त्याचा भाव आपल्याला पोस्टानं कळतो!

तरी आंबेवाल्यांनी दोन गोष्टी चांगल्या केल्या, त्या आपण लिहून घ्याव्यात. एक म्हणजे थेट विक्री. २०१६ साली फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा झाला. त्याच्या आधीपासूनच काही बागायतदार मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत पेट्या पोहोचवत होते, नंतर ती वाट रुंद झाली. दुसरी गोष्ट नावाची. कर्नाटकातला आंबा देवगड हापूस म्हणून विकला जातो, ही जुनी तक्रार. २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक निर्देशांक, म्हणजे जीआय, मिळाला. पण नुसत्या सर्टिफिकेटानं भेसळ थांबत नाही. म्हणून देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेनं २०२५ च्या हंगामापासून फळावर क्रमांकाचं सील लावायला सुरुवात केली. सही सरकारची, पण राखण शेतकऱ्यांनीच करायची.

आणि परदेशी बाजार? मे २०१४ मध्ये युरोपीय संघानं फळमाशीचं कारण देऊन भारतीय आंबा बंद केला. जानेवारी २०१५ मध्ये ती बंदी उठवली. मधल्या काळात झाडाला कोणी सांगितलं नाही की यंदा पिकू नकोस. परदेशी बाजार हवाच, पण तो आपल्या हातात आहे असं समजून घर बांधू नये.

काजू: झाड एक, कायदे दोन

आता नीट ऐका, कारण काजूची गोष्ट म्हणजे आपल्या कापसाचीच गोष्ट आहे.

वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रानं काजूच्या चांगल्या जाती काढल्या. वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ ही नावं तिथल्या शेतकऱ्याला आपल्या कपाशीच्या वाणांसारखी पाठ आहेत. साधारण चार किलो काजू बी फोडली की एक किलो गर निघतो. आपल्याकडं क्विंटलभर कापसातून चौतीस किलो रुई निघते, बाकी सरकी आणि तूट. समजा काजू बीचा भाव किलोला शंभर रुपये आहे. म्हणजे एक किलो गरामागं शेतकऱ्याला चारशे रुपये मिळाले. तोच गर शहरात दुकानात कोणत्या भावानं मिळतो, ते दिवाळीला मिठाईच्या दुकानात जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. मधला पैसा भाजणं, फोडणं, सोलणं, प्रतवारी आणि बाजार यांत जातो. सिंधुदुर्गात काजूचे कारखाने आहेत, छोटे-मोठे बरेच. त्यात फोडायचं काम बाया करतात. टरफलातलं तेल हाताची कातडी जाळतं, म्हणून हाताला राख किंवा तेल चोळून बसतात. म्हणजे पहिल्या दोन्ही प्रश्नांच्या मानानं तिसऱ्याचं उत्तर इथं बरं आहे, पहिला हात जिल्ह्यात फिरतो.

मग अडचण कुठं? अडचण बंदरावर. देशातल्या कारखान्यांना पुरेल एवढी काजू बी देशात होत नाही. म्हणून आयव्हरी कोस्ट, टांझानिया, बेनिन अशा आफ्रिकी देशांतून बी येते. २०१६ च्या बजेटात कच्च्या काजूवर पाच टक्के आयात कर बसला. २०१८ च्या बजेटात कारखानदारांच्या मागणीवरून तो अडीच टक्क्यांवर आला. कारखान्याला स्वस्त बी हवी, शेतकऱ्याला भाव हवा, आणि दिल्लीत कारखान्याचं ऐकलं जातं. आपल्याला हे नवीन आहे का? ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचा अकरा टक्के आयात कर सरकारनं काढला, आणि मग सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. म्हणजे आपला कापूस घरात येण्याच्या नेमक्या दिवसांत. काजूवाल्याचा हात आणि कापूसवाल्याचा हात एकाच दरवाजात चेंगरतो.

आता हद्दीवर या. दोडामार्ग तालुक्यात उभं राहिलं की समोर गोवा. झाड तेच, माती तीच, पाऊस तोच. गोवा सरकार काजू बीला आधारभाव देतं. २०२३ साली तो १२५ वरून १५० रुपये किलो केला. बाजार खाली गेला तर फरक सरकार भरतं. महाराष्ट्रात २०२४ च्या हंगामासाठी किलोला १० रुपये अनुदान जाहीर झालं. आणि बोंडाचं काय? बीच्या कितीतरी पट वजन बोंडाचं असतं. गोव्यात बोंडाचा रस आंबवून फेणी गाळतात. तिला २००९ साली जीआय मिळाला. तिथं बोंड हे पीक आहे. अलीकडच्या बाजूला गाळायचं म्हटलं की अबकारी खात्याचा परवाना आडवा येतो, आणि बहुतेक बोंडं झाडाखाली कुजतात. दारू चांगली की वाईट हा वाद आज घालायचा नाही. मला एवढंच दाखवायचं आहे की एका ओढ्याच्या अलीकडं जो कचरा, तो पलीकडं माल. हा फरक जमिनीनं केला नाही, कायद्यानं केला.

१९७१ चा कापूस एकाधिकार खरेदीचा कायदा जुन्या लोकांना आठवत असेल. पुढं तीस वर्षं कापूस सरकारलाच घालायचा. शेजारच्या राज्यात भाव चढला तरी हद्द ओलांडायची नाही. स्वतःच्या बैलगाडीतला स्वतःचा कापूस नाक्यावर चोरीचा ठरायचा. हद्दीवरच्या शेतकऱ्याला राज्य म्हणजे काय ते लवकर कळतं. दोन सरकारं त्याला शेजारी-शेजारी दिसतात.

याच कायद्याची एक चांगली बाजूही सांगतो. कोकणात बांधावर माणगा जातीचा बांबू होतो. बांबू हे झाड धरल्यामुळं तोडायला आणि न्यायला वनखात्याची कटकट होती. २०१७ साली वन कायद्यात दुरुस्ती होऊन वनाबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून वगळला. अनुदानाचा एक पैसाही न देता शेतकऱ्याचा फायदा झाला. अडवणूक काढणं ही सगळ्यात स्वस्त मदत आहे.

मासळी आणि पर्यटक

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढतात. लांबलचक जाळं होडीनं समुद्रात सोडायचं, दोन्ही टोकं किनाऱ्यावरून सगळ्यांनी ओढायची, आणि मासळीचे वाटे करायचे. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्याचा वाटा. पुढं पर्ससीनची यांत्रिक जाळी आली. बांगड्याचा, तारलीचा अख्खा थवा ती एका वेढ्यात उचलतात. किनाऱ्याच्या रापणीत काय येणार? पारंपरिक मच्छीमार उठले, वर्षानुवर्षं भांडले. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशानं पर्ससीनवर बंधनं आली, मुदत सप्टेंबर ते डिसेंबर ठरली. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्रानं एलईडी दिवे लावून मासेमारी करायला बंदी केली. २०२१ साली राज्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन दंड लाखांत गेला. कायदा झाला, आता अंमलबजावणीसाठी भांडण चालू आहे. आपल्याकडं खोल बोअर घेणारा शेजारच्याची विहीर आटवतो, तसं हे आहे. समुद्र सगळ्यांचा म्हटला की ज्याचं इंजिन मोठं त्याचा होतो.

आणि मासळीलाही हद्द आडवी येतेच. २०१८ साली गोव्यात मासळीत फॉर्मेलिन असल्याचा गाजावाजा झाला. मग बाहेरून येणाऱ्या गाड्यांना नोंदणी आणि शीतपेटीची गाडी सक्तीची केली. मोठ्या व्यापाऱ्यानं कागद केले, गाडी बदलली. बर्फ घातलेल्या टपात मासळी नेणारा सिंधुदुर्गातला छोटा माणूस नाक्यावर अडकला. नियम सगळ्यांना सारखा असला तरी त्याचं ओझं सारखं नसतं.

पर्यटनाचं म्हणाल तर किल्ला आहे, तारकर्ली आहे, समुद्रात बुडी मारून प्रवाळ दाखवतात. तारकर्लीच्या घरांतून न्याहारी-निवासाची सोय आहे. घर आपलं, स्वयंपाक आपला, गिऱ्हाईक आपल्या पडवीत, तिथं पैसा घरात राहतो. जमीन विकून त्याच जागेवरच्या हॉटेलात वेटर झाला, तिथं पगार तेवढा राहतो. पावसाळ्यात तोही नाही. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली, चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला उघडला, पलीकडं गोव्यात मोपाचा विमानतळ डिसेंबर २०२२ मध्ये झाला. रस्ता, रेल्वे, विमान, तिन्ही हवीत. पण वाट दोन्ही बाजूंनी चालते. पर्यटक आत येतो, तरुण बाहेर जातो.

खाणीबद्दल एकच सांगतो. रेडीला, कळण्याला लोहखनिज काढलं. कळणे गावात लोकांनी विरोध केला होता. जुलै २०२१ मध्ये तिथल्या खाणीचा बांध फुटला, आणि चिखल शेतांत, बागांत शिरला. खनिज जहाजानं गेलं, चिखल गावाला राहिला.

आणि पाणी? दोडामार्गातल्या तिलारी धरणासाठी १९९० साली दोन राज्यांचा करार झाला. खर्चाचा सुमारे ७३ टक्के वाटा गोव्याचा, म्हणून पाण्याचाही मोठा वाटा गोव्याचा. पैसा ज्याचा पाणी त्याचं, हा व्यवहार समजू शकतो. पण बुडालेली गावं महाराष्ट्राची. त्यांना नोकरीच्या हक्कासाठी वर्षानुवर्षं दोन्ही सरकारांच्या दारात बसावं लागलं.

आपण यातून काय घ्यायचं

भावांनो, कोकणचा शेतकरी आळशी म्हणून गाव रिकामं झालं असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. ज्यानं कातळ फोडून आंबा लावला तो आळशी नाही. गाव रिकामं झालं कारण माल त्याचा आणि भाव दुसऱ्याचा, अशी प्रत्येक धंद्यात गत आहे. पीक बदललं म्हणून ही गत आपोआप बदलत नाही. कापूसवाल्यानं आंबा लावला तर तो आंब्याचा कापूसवाला होतो, इतकंच.

म्हणून फळबाग लावायचीच नाही असं मी म्हणत नाही. ज्याच्या विहिरीला पाणी आहे, ज्याच्याकडं पाच-सहा वर्षं थांबायची ताकद आहे, त्यानं जरूर लावावी. पण सगळी जमीन एका उपदेशावर टाकू नये. ज्वारी घरचं पोट आणि जनावरांचा कडबा सांभाळते, ते मोडून बाग नको. आणि लावण्याआधी तेच तीन प्रश्न विचारा. जिथं भावाचं उत्तर 'दुसरा कोणीतरी' असं येईल, तिथं एकट्यानं उतरू नका, दहा-वीस जण मिळून उतरा. देवगडच्या सीलासारखं नाव राखायचं काम एकट्याचं नसतं.

सरकारकडं मागणी करताना नुसतं अनुदान मागू नका. पहिली मागणी अडवणूक काढायची. दुसरी, आपला माल बाजारात येण्याच्या दिवसांत आयातीचा दरवाजा उघडायचा नाही. ही मागणी काजूवाला आणि कापूसवाला एकत्र करू शकतात, आणि केली पाहिजे.

आता काम. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावानं एक कागद आणायचा. गावात यंदा अंदाजे किती क्विंटल कापूस झाला. तो कोणत्या जिनिंगला गेला, की खेडा खरेदीवाल्याला दिला. उचल किती जणांनी घेतली होती. पट्टीतून काय-काय कापलं. सरकी कोणी ठेवली, आणि तिची ढेप आपण कोणत्या भावानं परत विकत घेतली. मायबहिणींनी वेचणीची मजुरी आणि दिवस वेगळे लिहावेत, ते पुरुषांच्या हिशेबात नेहमी राहून जातात. अंदाज चालेल, पण खोटा आकडा नको. सगळ्या गावांचे कागद एकत्र मांडू, म्हणजे क्विंटलामागं किती पैसा गावात राहतो आणि किती बाहेर जातो, ते आपल्याच अक्षरात आपल्यापुढं येईल. पुढचं काय करायचं ते त्या कागदावरून ठरवू.